डब्ल्यूपीएफमध्ये दोन-तीन थीम जोडल्यावर बटणं एकीची, रंग दुसरीचे: कारणं आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजची डेस्कटॉप ॲप बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) केलेल्या ॲपमध्ये आधीपासून माहॲप्स मेट्रो ही थीम लायब्ररी आहे. मटेरियल डिझाइन या दुसऱ्या लायब्ररीची कार्डं आणि डायलॉग हवेत म्हणून तेही पॅकेज नुगेटवरून (डॉटनेटचा पॅकेज-साठा) घेतलं. शिवाय कंपनीच्या रंगांची स्वतःची एक झॅमल (स्क्रीनचं रूप लिहायची भाषा) फाइल आहेच. तिन्ही ॲप.झॅमलमध्ये, म्हणजे अख्ख्या ॲपला लागू होणाऱ्या फाइलीत, एकाखाली एक जोडल्या. आता बटणं मटेरियलची दिसतात, एकदोन कंट्रोल मेट्रोचेच राहतात, कंपनीचा निळा काही विंडोंतच उमटतो आणि डार्क मोड लावला की अर्धा स्क्रीन पांढराच. ओळी वर-खाली करून पाहिल्या की एक दुखणं जातं आणि दुसरं डोकं वर काढतं.

ओळी वर-खाली करून हे कायमचं सुटत नाही. नेमकं कोण कुणावर मात करतंय ते कळलं की सुटतं, आणि ते शोधायला फार वेळ लागत नाही.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा, आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळा. रिसोर्सच्या नावात एवढा फरकही चालत नाही.)

थीम मिसळत नाहीत, नावागणिक एकच जिंकते

डब्ल्यूपीएफला थीम म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्याच्या लेखी असतात फक्त रिसोर्स डिक्शनऱ्या: डावीकडे नाव, उजवीकडे ब्रश (रंग), स्टाइल (गुणधर्मांचा संच) किंवा टेम्प्लेट (कंट्रोलची आतली रचना). एखादं नाव मागितलं की शोध त्या घटकापासून सुरू होतो, पालकांमार्गे विंडोपर्यंत चढतो, तिथून ॲप्लिकेशनच्या रिसोर्सेसमध्ये जातो आणि तिथेही नसेल तर सिस्टिमच्या थीम फाइलींत. जिथे पहिल्यांदा सापडलं तिथे शोध संपला.

एका डिक्शनरीच्या आतही क्रम ठरलेला आहे. आधी तिच्यात थेट लिहिलेल्या नोंदी आणि मग मर्ज्ड डिक्शनरीज, म्हणजे तिला जोडलेल्या बाकीच्या फाइली, खालून वर. म्हणजे सर्वांत शेवटी जोडलेली फाइल आधी पाहिली जाते. दोन वेगळ्या मर्ज केलेल्या फाइलींत एकच नाव असलं तर काही एरर येत नाही, खालची गुपचूप जिंकते. तेच नाव एकाच फाइलीत दोनदा आलं तर मात्र ॲप लगेच कोसळतं. घोळ शांतपणे वाढतो तो या फरकामुळे.

स्टाइलच्या बाबतीत हा नियम जास्त बोचतो. एक्स:की (नोंदीचं नाव) न देता फक्त टार्गेटटाइप बटन लिहिलेल्या स्टाइलचं नाव म्हणजे तो प्रकारच. दोन थीमनी बटनसाठी अशी स्टाइल दिली असेल तर एकीचा रंग आणि दुसरीचं पॅडिंग अशी बेरीज होत नाही. खालच्या फाइलीतली स्टाइल अख्खी लागू होते, वरची अख्खी बाजूला पडते. जिंकलेल्या स्टाइलने जे गुणधर्म दिलेले नाहीत ते पराभूत थीमकडून येत नाहीत, थेट विंडोजच्या मूळ रूपातून येतात. विंडोज ८ पासून ते रूप म्हणजे एरो२. तुम्ही स्वतः लिहिलेल्या तीन ओळींच्या स्टाइलनंतर बटण एकदम राखाडी आणि जुनाट दिसू लागतं, ते यामुळे.

आधी मोजा

कुठलीही ओळ हलवण्याआधी बिघडलेला एक कंट्रोल निवडा आणि त्याला दोन प्रश्न विचारा.

पहिला: हा रंग कुठून आला? व्हिज्युअल स्टुडिओच्या लाइव्ह प्रॉपर्टी एक्सप्लोररमध्ये किंवा स्नूप या तपासणीच्या साधनात हे दिसतं. कोडमधून हवं असेल तर डिपेंडन्सीप्रॉपर्टीहेल्पर वर्गाची गेटव्हॅल्यूसोर्स ही मेथड त्या बटणाच्या बॅकग्राउंडप्रॉपर्टीवर चालवा आणि बेसव्हॅल्यूसोर्स वाचा. उत्तर ‘लोकल’ आलं तर विंडोच्या झॅमलमध्ये कुणीतरी हाताने बॅकग्राउंड लिहून ठेवलाय. तो स्टाइलच्या वर असतो, मग थीम कितीही बदला, तो हलणार नाही. ‘डार्क मोडमध्ये अर्धा स्क्रीन पांढरा’ या तक्रारीत पहिला संशय यावरच घ्या: प्रोजेक्टभर ‘बॅकग्राउंड व्हाइट’ शोधा आणि तिथे डायनॅमिकरिसोर्स (थीम बदलली की पुन्हा पाहिला जाणारा नावाचा संदर्भ) घाला. ‘डीफॉल्टस्टाइल’ आलं तर तो गुणधर्म जिंकलेल्या स्टाइलने दिलेला नाही, तो मूळ रूपातून आलाय. ‘स्टाइल’ आलं तर दुसऱ्या प्रश्नाकडे जा.

दुसरा: ही स्टाइल कुठल्या फाइलीतली? इथे एक खोच आहे. डिक्शनरीची कंटेन्स ही मेथड स्वतःच्या नोंदींबरोबर आत मर्ज केलेल्या सगळ्या फाइलीही पाहते, त्यामुळे ती जवळपास प्रत्येक ठिकाणी ‘हो’ म्हणते आणि काहीच उलगडत नाही. त्याऐवजी कीज वापरा, त्यात फक्त त्या डिक्शनरीच्या स्वतःच्या नोंदी असतात. ॲप्लिकेशन.करंट.रिसोर्सेसपासून सुरुवात करून मर्ज्डडिक्शनरीज शेवटून पहिल्याकडे, आणि प्रत्येकीच्या आतही तसंच, असं फिरणारं दहाबारा ओळींचं रिकर्सिव्ह फंक्शन लिहा. ज्या डिक्शनरीच्या कीजमध्ये टाइपऑफ बटन सापडेल तिचा सोर्स छापा. पहिली छापलेली ओळ म्हणजे विजेती. बाकीच्या ओळी म्हणजे फुकट लोड होणारा माल. हे फंक्शन डीबग बिल्डमध्ये कायम ठेवलं तरी हरकत नाही.

आउटपुट विंडोवरही नजर असू द्या. ‘रिसोर्स नॉट फाउंड’ अशी ९ क्रमांकाची रिसोर्सडिक्शनरी वॉर्निंग तिथे दिसली तर कुठलातरी डायनॅमिकरिसोर्स नसलेलं नाव मागतोय. त्याने ॲप कोसळत नाही, रंग तेवढा गायब राहतो. म्हणूनच ती वॉर्निंग महिनोन् महिने तशीच पडून राहते.

थरांचा क्रम

दुरुस्तीचं मुख्य काम म्हणजे प्रत्येक नावाला एकच धनी देणं. साध्या बटण-टेक्स्टबॉक्सचं रूप कोणती लायब्ररी ठरवणार हे आधी कागदावर ठरवा, दोघींना ते अधिकार देऊ नका. माहॲप्स मुख्य असेल तर ॲप.झॅमलमध्ये वरून खाली क्रम असा:

१. माहॲप्सच्या कंट्रोल्स.झॅमल आणि फॉन्ट्स.झॅमल
२. माहॲप्सची रंगांची एक फाइल, उदाहरणार्थ लाइट.ब्लू.झॅमल
३. मटेरियल डिझाइनचा बंडल्डथीम, म्हणजे फक्त रंग
४. मटेरियलच्या ज्या कंट्रोलची रूपं नावाने वापरायची आहेत तेवढ्याच सुट्या फाइली
५. कंपनीच्या रंगांची फाइल
६. स्वतःच्या स्टाइलची फाइल

यात काय नाही ते महत्त्वाचं आहे. मटेरियलची ‘डीफॉल्ट्स’ नावाची फाइल इथे मुद्दाम घेतलेली नाही. सगळ्या मूळ कंट्रोलसाठी नाव नसलेल्या स्टाइल तिच्यातच असतात. ती माहॲप्सच्या खाली टाकली की बटणापासून स्क्रोलबारपर्यंत सगळं मटेरियलचं होतं आणि मेट्रोच्या स्वतःच्या कंट्रोलांच्या आत वापरलेली साधी बटणंही त्यात ओढली जातात. सुट्या फाइलींतल्या स्टाइलना मात्र नाव असतं, जसं मटेरियलडिझाइनरेझ्डबटन. मागितल्याशिवाय त्या कुणाच्या अंगावर येत नाहीत. कार्डसारखे लायब्ररीचे स्वतःचे कंट्रोल तर असेंब्लीतल्या थीम्स फोल्डरमधल्या जेनेरिक.झॅमलमधून आपलं रूप घेऊनच येतात. त्यांना फक्त रंगांची नावं सापडली म्हणजे पुरे.

उलट, सगळं मटेरियलसारखंच दिसायला हवं आणि माहॲप्स फक्त मेट्रोविंडो आणि फ्लायआउटसाठी (कडेने सरकत येणारं पॅनेल) हवं असेल, तर हाताने जोडणी करूच नका. मटेरियलडिझाइनथीम्स.माहॲप्स नावाचं पॅकेज नेमकं याच कामाचं आहे. माहॲप्सच्या कंट्रोलांना मटेरियलचं रूप देणाऱ्या स्टाइल त्यात तयार मिळतात.

क्रम बरोबर असूनही एखादा रंग हटत नसेल तर ॲप.झॅमलच्या मर्ज्डडिक्शनरीजच्या बाहेर, खाली थेट लिहिलेल्या नोंदी पाहा. प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या दिवसांतला एखादा ब्रश तिथे राहून गेलेला असतो. थेट नोंद मर्ज केलेल्या प्रत्येक फाइलीच्या वर असते, मग ती फाइल कितीही शेवटी असो.

माहॲप्स १ वरून २ वर आल्यानंतर ‘कॅनॉट फाइंड रिसोर्स नेम्ड’ अशी झॅमलपार्सएक्सेप्शन येत असेल तर तो क्रमाचा दोष नव्हे. २.० मध्ये नावंच बदलली: ॲक्सेंटकलरब्रशच्या जागी माहॲप्स.ब्रशेस.ॲक्सेंट आलं. बेसलाइट आणि ॲक्सेंट या दोन वेगळ्या फाइली जाऊन लाइट.ब्लूसारखी एकच फाइल आली. कलर्स.झॅमल गेली. जुन्या ब्लॉगवरचं उदाहरण चिकटवलं की हीच एरर येते.

स्वतःची स्टाइल वरून घालताना

प्रत्येक स्वतःच्या स्टाइलला बेस्डऑन (ती कोणत्या स्टाइलवर उभी आहे हे सांगणारी नोंद) हवा, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे खालचा आधार थेट एरो२ वर घसरतो. डॉटनेट ९ मध्ये डब्ल्यूपीएफबरोबरच येणाऱ्या फ्लुएंट थीमलाही हेच लागू आहे: थीममोड लाइट किंवा डार्क केलं, पण तुमच्या बटन स्टाइलला बेस्डऑन नसेल तर तेवढी बटणं जुन्या चौकोनी रूपात राहतात. (डॉटनेट ९ मध्ये थीममोड प्रायोगिक म्हणून आला. कोडमधून वापरताना डब्ल्यूपीएफ०००१ हा डायग्नोस्टिक आपल्या हाताने दाबावा लागतो. फ्लुएंटवर आणखी एक बाहेरची लायब्ररी चढवण्याआधी हे ध्यानात ठेवा.)

बेस्डऑनमध्ये काय लिहायचं? सगळीकडे स्टॅटिकरिसोर्स आणि एक्स:टाइप बटन असं लिहिलेलं दिसतं. एकच थीम असेल तर ते ठीक. दोन असतील तर ‘त्या क्षणी जी काही बटन स्टाइल सापडेल ती’ असा त्याचा अर्थ होतो आणि फाइलींचा क्रम बदलला की आधारही बदलतो. नावाने मागा: माहॲप्स.स्टाइल्स.बटन. मग क्रम कुणी हलवला तरी आधार तोच राहतो. एवढ्या एका बदलाने बरेचसे ‘काल चालत होतं’ बंद होतात.

बेस्डऑनमध्ये डायनॅमिकरिसोर्स चालत नाही. स्टाइल हा डिपेंडन्सीऑब्जेक्ट नाही, आणि डायनॅमिकरिसोर्स फक्त डिपेंडन्सी प्रॉपर्टीवरच बसतो. म्हणजे स्टाइलचा आधार एकदाच ठरतो आणि ॲप चालू असताना पुन्हा पाहिला जात नाही. याचा थेट परिणाम पुढच्या भागात दिसेल.

चालू ॲपमध्ये लाइट-डार्क बदलताना

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा हीच.

स्टॅटिकरिसोर्स झॅमल वाचताना एकदाच किंमत घेतो आणि विसरून जातो. डायनॅमिकरिसोर्स नाव लक्षात ठेवतो आणि डिक्शनरी बदलली की पुन्हा विचारतो. म्हणून बदलणाऱ्या प्रत्येक ब्रशसाठी डायनॅमिकरिसोर्स. पॅडिंग, कोपऱ्याची गोलाई, कन्व्हर्टर असं जे बदलणार नाही त्यासाठी स्टॅटिकरिसोर्स. सगळीकडे सरसकट डायनॅमिक लिहिण्याची गरज नाही, हजारो ओळींच्या डेटाग्रिडमध्ये त्याचा भार जाणवू शकतो.

बदलायची फाइल फक्त रंगांची असावी. बेस्डऑन एकदाच ठरतो म्हणून स्टाइलची फाइल बदलली तरी तिच्यावर आधारलेल्या तुमच्या स्टाइल जुन्याच आधाराला धरून बसतात. अर्धी विंडो नवी आणि अर्धी जुनी, हे दृश्य यातूनच येतं. पाचव्या थरातल्या कंपनीच्या रंगांच्या पॅलेट.लाइट.झॅमल आणि पॅलेट.डार्क.झॅमल अशा दोन फाइली करा. दोन्हींत नावं अक्षरशः सारखी ठेवा, एकही कमी नको. एक नाव डार्कमध्ये राहून गेलं तर तिथे वरच्या थरातला लाइटचा रंग झिरपतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं येतात. दोन्ही फाइली लोड करून कीजची यादी जुळते का हे पाहणारी एक युनिट टेस्ट लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या फाइलींत ब्रश ठेवा, नुसते कलर नव्हे. अनेकजण सॉलिडकलरब्रश एकदाच लिहितात आणि त्याच्या कलरला डायनॅमिकरिसोर्स लावतात, म्हणजे फक्त कलर बदलला की झालं. ॲप्लिकेशन पातळीवरच्या डिक्शनरीत हे भरवशाचं नाही: ब्रश कुठल्याही विंडोच्या झाडात बसलेला नसतो, त्यामुळे बदलाची बातमी त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. काही ठिकाणी रंग बदलतो, काही ठिकाणी जुनाच राहतो. अख्खा ब्रश बदलला की हा प्रश्न उरत नाही.

कोडमधून ब्रशचा कलर थेट बदलू पाहाल तर ‘रीड-ओन्ली स्टेट’ची एक्सेप्शन येईल. ॲप्लिकेशनच्या रिसोर्सेसमधले ब्रश डब्ल्यूपीएफ आपोआप गोठवतं. ही तुमची चूक नाही, वेगासाठी केलेली सोय आहे. नवा ब्रश करा आणि त्याच नावाने डिक्शनरीत ठेवा.

प्रत्यक्ष बदल करताना क्लिअर मारून सगळं नव्याने जोडू नका. क्लिअर आणि ॲड यांच्या मधल्या क्षणी एकही नाव अस्तित्वात नसतं. उघड्या विंडो तेवढ्यात मूळ रंगावर जाऊन परत येतात आणि स्क्रीन लुकलुकतो. त्याच वेळी एखादं टेम्प्लेट पहिल्यांदाच उलगडत असेल तर त्यातला स्टॅटिकरिसोर्स नाव न सापडून कोसळतो. शिवाय प्रत्येक ॲड आणि रिमूव्हला डब्ल्यूपीएफ सगळ्या उघड्या विंडोंची झाडं पालथी घालतं. पॅलेट फाइलची जागा माहीत करून घ्या आणि तेवढीच बदला: मर्ज्डडिक्शनरीज[इंडेक्स] = नवी डिक्शनरी. जागेचा आकडा गृहीत धरण्यापेक्षा सोर्समध्ये ‘पॅलेट.’ असलेली फाइल शोधून तिचा इंडेक्स घेतलेला बरा, कारण लायब्ररीही त्याच यादीत स्वतःची डिक्शनरी आत-बाहेर करत असू शकते.

आणि लायब्ररीचे रंग लायब्ररीच्याच थीम मॅनेजरमधून बदला. माहॲप्सची लाइट फाइल हाताने काढून डार्क टाकली तर त्याच्या थीम मॅनेजरला त्याचा पत्ता नसतो. क्रम असा: आधी माहॲप्सचा थीम मॅनेजर, मग मटेरियलचा पॅलेटहेल्पर, शेवटी तुमची पॅलेट. पॅलेट अजून लायब्ररींच्या सगळ्या फाइलींच्या खाली आहे का, हे वरच्या छापणाऱ्या फंक्शनने एकदा पाहून घ्या.

बटणावरचं अक्षर काळं पडतं

दोन थीम जोडल्यावरचं नेहमीचं दुखणं: निळ्या बटणावर पांढरी अक्षरं हवीत आणि दिसतात काळी. बटणाच्या स्टाइलमध्ये फोरग्राउंड व्हाइट स्पष्ट लिहिलेलं असतं.

दोषी बहुतेक वेळा टेक्स्टब्लॉकची नाव नसलेली स्टाइल. टेम्प्लेटच्या आत असलेल्या आणि कंट्रोल वर्गातून न आलेल्या घटकांसाठी (टेक्स्टब्लॉक, बॉर्डर, इमेज, पाथ) नाव नसलेल्या स्टाइलचा शोध विंडोत थांबत नाही, थेट ॲप्लिकेशनच्या रिसोर्सेसमध्ये जातो. बटणाच्या कंटेंटमध्ये नुसती स्ट्रिंग दिली की आत टेक्स्टब्लॉकच तयार होतो. ॲप.झॅमलमध्ये टेक्स्टब्लॉकचा फोरग्राउंड काळा ठरवणारी स्टाइल असेल तर ती या आतल्या टेक्स्टब्लॉकलाही लागते, आणि बटणाकडून वारशाने येणारा पांढरा रंग स्टाइलपुढे हरतो.

ती स्टाइल ॲप्लिकेशनमधून काढा. तिला नाव द्या, किंवा विंडोच्या रिसोर्सेसमध्ये हलवा म्हणजे ती टेम्प्लेटच्या सीमेवर अडेल. सर्वसाधारण अक्षररंगासाठी तिची गरजही नाही. विंडोवर टेक्स्टएलिमेंट.फोरग्राउंड एकदा दिला की तो खाली झिरपतो, आणि जिथे बटणाने स्वतःचा रंग दिलाय तिथे बटणाचा रंग चालतो.

विंडोला स्टाइल लागतच नाही

टार्गेटटाइप विंडो अशी स्टाइल लिहिली, मेनविंडोवर काही फरक नाही. नाव नसलेली स्टाइल नेमक्या त्याच वर्गाला लागते, त्यापासून निघालेल्या वर्गाला नाही. मेनविंडो हा विंडोपासून निघालेला वर्ग आहे. विंडोच्या झॅमलमध्ये स्टाइलला डायनॅमिकरिसोर्स आणि एक्स:टाइप विंडो लिहा. बटनपासून बनवलेल्या तुमच्या आयकनबटनचीही हीच गत. कन्स्ट्रक्टरमध्ये सेटरिसोर्सरेफरन्स वापरून स्टाइलप्रॉपर्टीला टाइपऑफ बटन जोडलं की मुख्य थीमची बटन स्टाइल त्याला मिळते आणि थीम बदलली की तीही बदलते.

मराठी अक्षरांच्या मात्रा कापल्या जातात

मराठी इंटरफेस असलेल्या ॲपमध्ये थीम जोडताना हे हमखास निघतं आणि इंग्रजी मदतपानांवर फारसं सापडत नाही. मटेरियलचा फॉन्ट रोबोटो, विंडोजचा सेगो यूआय. दोन्हींत देवनागरी नाही. डब्ल्यूपीएफ पर्यायी फॉन्ट शोधतं आणि विंडोज ८ पासून तो साधारणपणे निर्मला यूआय असतो. त्याची ओळीची उंची वेगळी. थीमने बटणाला ठरावीक हाइट दिली असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार, विशेषतः ‘र्की’ किंवा ‘द्धू’सारखी अक्षरं, कडेला चिरडली जातात.

दोन बदल करा. फॉन्टफॅमिलीत ‘सेगो यूआय, निर्मला यूआय’ असं दोन्ही स्पष्ट लिहा आणि ते पॅलेटसारख्याच स्वतःच्या थरात ठेवा, म्हणजे पर्यायाचा निर्णय तुमच्या हातात राहतो. आणि स्वतःच्या स्टाइलमध्ये हाइट ‘ऑटो’ करून मिनहाइट द्या. फॉन्ट वारशाने झिरपतो खरा, पण दुसऱ्या विंडोत जात नाही, म्हणून प्रत्येक विंडोच्या स्टाइलमध्ये तो असायला हवा. मंगल फॉन्टवर मात्र विसंबू नका: विंडोज १० पासून तो मूळ इन्स्टॉलमध्ये नसतो, देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचातून वेगळा घ्यावा लागतो. डेव्हलपरच्या मशीनवर असतो आणि ग्राहकाच्या नसतो.

किरकोळ, पण डोकं खाणारी

‘कॅनॉट लोकेट रिसोर्स’ अशी आयओएक्सेप्शन आली तर थीम फाइलचं बिल्ड ॲक्शन पाहा. ते ‘पेज’ हवं. दुसऱ्या असेंब्लीतली फाइल असेल तर पत्ता असेंब्लीचं नाव, अर्धविराम, कंपोनंट, मग फोल्डर असा लागतो. असेंब्लीचं नाव प्रोजेक्टच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं.

तुमचा स्वतःचा कस्टम कंट्रोल पूर्ण रिकामा दिसत असेल तर जेनेरिक.झॅमल ‘थीम्स’ याच नावाच्या, मुळाशी असलेल्या फोल्डरमध्ये आहे का आणि असेंब्लीवर थीमइन्फो ॲट्रिब्यूट आहे का ते पाहा. फाइल विभागताना हे ॲट्रिब्यूट मागे राहतं.

एकाच चिन्हाचा पाथ दोन बटणांत वापरला आणि फक्त शेवटच्यातच दिसतो, किंवा ‘आधीच दुसऱ्याचं अपत्य आहे’ अशी एक्सेप्शन येते: व्हिज्युअल घटक एका वेळी एकाच पालकाकडे राहू शकतो. त्या रिसोर्सवर एक्स:शेअर्ड फॉल्स लिहा, किंवा पाथऐवजी जिऑमेट्री रिसोर्स म्हणून ठेवा. दुसरं चांगलं.

डॉटनेट फ्रेमवर्क ४ वरच्या जुन्या ॲपमध्ये ॲप.झॅमलमध्ये एकच फाइल मर्ज केलेली आहे, तिच्या पोटात बाकीच्या, आणि नाव नसलेल्या एकाही स्टाइलचा पत्ता नाही, असं असेल तर ॲप.झॅमलमध्ये थेट एक रिकामी स्टाइल टाका, टार्गेटटाइप रेक्टँगल. हसू येईल, पण चालतं. ‘या डिक्शनरीत नाव नसलेल्या स्टाइल आहेत’ ही अंतर्गत खूण खोलवरच्या फाइलींतून वर पोचत नाही, ती या रिकाम्या ओळीने लागते. ओळीशेजारी टीप लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस साफसफाईत काढून टाकेल.

मेमरी फुगत असेल तर यूजरकंट्रोलांच्या रिसोर्सेसमध्ये थीमच्या फाइली पुन्हापुन्हा मर्ज केल्यात का ते शोधा. डिझायनरमध्ये रंग दिसावेत म्हणून हे केलं जातं. प्रत्येक मर्ज म्हणजे फाइलची नवी प्रत, आणि ग्रिडच्या प्रत्येक ओळीत तो यूजरकंट्रोल असेल तर ओळीगणिक एक प्रत. वर ही प्रत ॲप्लिकेशनपेक्षा जवळची असल्याने तिचे रंग जिंकतात, मग डार्क मोड तिथे पोचतच नाही. थीम मर्ज करायची ती ॲप.झॅमलमध्ये, एकदाच.

हाय कॉन्ट्रास्ट (कमी दिसणाऱ्यांसाठीचा विंडोजचा ठळक रंगांचा मोड) विसरू नका. डाव्या बाजूचे ऑल्ट आणि शिफ्ट दाबून प्रिंट स्क्रीन दाबा आणि ॲपकडे पाहा. दोन थीम आणि कंपनीचे रंग यांच्या भाऊगर्दीत हे बहुधा मोडलेलं असतं. सिस्टिमकलर्सवर उभी असलेली तिसरी पॅलेट फाइल करा, नावं तीच. सिस्टिमपॅरामीटर्सच्या स्टॅटिकप्रॉपर्टीचेंज्डवर कान ठेवा आणि हायकॉन्ट्रास्ट बदलला की ती फाइल नव्याने लोड करून पॅलेटच्या जागी ठेवा.

डार्क मोडमध्येही मेसेजबॉक्स पांढरा राहतो, फाइल उघडायचा डायलॉग तुमच्या रंगात येत नाही: ते विन३२ चे, म्हणजे थेट विंडोजचे आहेत, झॅमलची कुठलीही फाइल त्यांच्यापर्यंत जात नाही. साध्या विंडोच्या टायटल बारचंही तेच. तो विंडोज रंगवतं. मेट्रोविंडो आपला टायटल बार स्वतःच रंगवते म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. बाकी विंडोंसाठी सोर्सइनिशियलाइज्डमध्ये विंडोचं हँडल घेऊन डीडब्ल्यूएमसेटविंडोॲट्रिब्यूट ही फंक्शन २० क्रमांकाच्या ॲट्रिब्यूटने आणि १ या किमतीने बोलवा, लाइटवर परत येताना ०. विंडो दिसल्यानंतर बोलवलंत तर टायटल बार क्षणभर पांढरा चमकून मग काळा होतो.